डिझाईन फ्री, फ्लेक्सचे पैसे

भाचा शिरूरला राहतो, रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आहे आणि महिन्यातून एकदा दौंडला आमच्याकडं चक्कर मारतो. बहुतेक वेळा आईनं दिलेलं बाजरीचं पीठ पोचवायला. काही महिन्यांपूर्वी पिठाच्या पिशवीबरोबर प्रश्नही आणला. "मामा, मला ग्राफिक डिझाईन शिकायचंय. नोकरी चालू ठेवून. कुठं शिकू?"

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "म्हंजे फ्लेक्सचं काम?"

"फ्लेक्स नाही हो मामी. डिझाईन."

"तेच ते."

पोरगं हिरमुसलं. बी.कॉम. झालेलं, सव्वीस वर्षांचं, फ्रिजची खोकी बंद करणाऱ्या लाइनवर तीन वर्षं उभं राहिलेलं. त्याला वाटलं, मामीला यातलं काही कळत नाही. मला मात्र तेव्हाच शंका आली की या विषयावर घरात सगळ्यांत नेमकं तीच बोलली.

माझ्याकडं तो आला त्यालाही कारण आहे. माझी पंचवीस वर्षं छापखान्यात गेली. आधी शिशाचे खिळे जुळवत, मग कॉम्प्युटरपुढं. लग्नपत्रिकेवरचा गणपती किती इंचाचा, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' कुठल्या कोपऱ्यात, रुसलेल्या चुलत्याचं नाव कितव्या ओळीत, असले निर्णय मी रोज घेत होतो. याला डिझाईन म्हणतात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मालकानं लगेच विचारलं असतं, म्हणजे त्याचे वेगळे पैसे मागणार काय?

तर भाच्यानं मोबाइल पुढं केला. नऊ क्लासांची नऊ पत्रकं. मी ती जुन्या खोडीनं प्रूफ वाचावं तशी वाचली.

पहिल्या पत्रकात सात तऱ्हेचे फॉन्ट. पिवळ्यावर पांढरी अक्षरं, पांढऱ्या अक्षरांना लाल कड, लाल कडेला काळी सावली. मध्ये हेडफोन घातलेली, लॅपटॉपकडं बघून हसणारी परदेशी मुलगी. ही मुलगी नऊपैकी चार पत्रकांत होती, म्हणजे बिचारी चार क्लासांना जात असावी. 'पंचेचाळीस दिवसांत प्रोफेशनल डिझायनर'. '१००% जॉब गॅरंटी' आणि शेजारी बारीक तारा. तो तारा शोधत खाली गेलं की मोहरीएवढ्या अक्षरांत 'अटी लागू'. एकात 'ग्राफिक', त्याच्याच खाली 'ग्राफीक', आणि पत्त्याच्या ओळीत 'ग्रफिक'. एका पत्रकावर 'आता एआयसहित' असं लिहून एआयनंच काढलेलं चित्र टाकलेलं. मागच्या दुकानाच्या पाटीवर देवनागरीसारखं दिसणारं पण जगातल्या कुठल्याच भाषेत न वाचता येणारं काहीतरी.

आणि एकावर ठळक अक्षरांत, 'दुसर्‍या'तला अर्धा र मोडून त्याचा रफार 'या'च्या डोक्यावर बसवलेला: 'दुसर्या बॅचचे प्रवेश सुरू'.

"हे बघितलंस का?" मी विचारलं.

"काय मामा?"

"काही नाही. राहू दे."

मी त्याला एवढंच सांगितलं की शिंप्याकडं कापड टाकण्याआधी शिंप्यानं अंगात काय घातलंय ते बघावं. क्लासचं पत्रक हे त्या क्लासनं स्वतःसाठी, स्वतःच्या मर्जीनं, गिऱ्हाइकाच्या कटकटीशिवाय केलेलं काम आहे. त्याहून बरं काम तिथं शिकवलं जाईल असं मानायला आधार काय? नऊपैकी सात पत्रकं तिथंच गळाली. फुकटात.

उरलेल्या दोघांना वेळेनं मारलं. भाच्याची पाळी दर आठवड्याला फिरते: पहिली, दुसरी, रात्र. पुण्यातला एक क्लास रोज संध्याकाळी सात ते नऊ. म्हणजे तीन आठवड्यांतून एकच आठवडा याला जमणार, तोही पहिल्या पाळीतून सुटून शिरूर ते पुणे गेला तर. अंतर साठ किलोमीटरच्या वर. वेळ किती लागतो ते शिक्रापूर आणि वाघोलीच्या चौकांना विचारा, त्यांची उत्तरं रोज वेगळी असतात. दुसऱ्या क्लासची 'खास नोकरदारांसाठी वीकेंड बॅच'. छान. नोकरदार म्हटला की त्याला शनिवार-रविवार सुट्टी असते असं समजणारा माणूस कधी एमआयडीसीच्या फाटकातून आत गेलेला नसतो. पुण्याच्या पट्ट्यातल्या कितीतरी कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. भाच्याच्या कंपनीलाही. गुरुवारची बॅच मात्र नऊपैकी एकाही पत्रकावर नव्हती.

दौंडकराचं त्यातल्या त्यात बरं. त्याला रेल्वे आहे. पास काढायचा, पुण्याच्या गाडीत बसायचं, जागा मिळाली तर मांडीवर वही घेऊन चित्र काढायचं, नाही मिळाली तर उभ्यानं लोकांचे चेहरे बघायचे. चेहरे बघणं हाही अभ्यासच. शिवाय इंजिन फिरवणं दौंडकराला नवं नाही. पुण्याकडून येऊन मनमाडच्या रस्त्याला लागणाऱ्या गाड्यांचं इंजिन वर्षानुवर्षं आमच्या स्टेशनात एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावलं जायचं. प्रवासी खाली उतरून चहा पिऊन यायचे. आता कॉर्ड लाइन झाली, बऱ्याच गाड्या गावात न शिरता बाहेरूनच वळतात. पण सव्वीस वर्षांच्या माणसाला चालू गाडीचं इंजिन बदलायचं असेल तर त्याला अशी कॉर्ड लाइन कोण देणार?

सरकारी दारंही बघितली. बीएफए, उपयोजित कला. चार वर्षं, पूर्णवेळ, हजेरीसकट. सीईटी द्यायची, मग मुंबईचं जे. जे., पुण्याचं अभिनव वगैरे. दर्जाबद्दल प्रश्न नाही, पण चार वर्षं घरचा हप्ता कोण भरणार हा प्रश्न सीईटीत विचारत नाहीत. आयआयटीवाल्या बी.डेस.साठी यूसीड नावाची परीक्षा आहे. ती बारावीच्या तोंडावरच्या पोरांसाठी. सलग दोन वर्षांत दोनदा देता येते, मग दार बंद. बारावीत हे माहीत नसलं तर? नसलंच. शिरूरच्या शाळेत बारावीच्या मुलाला पुढचे रस्ते सांगणारे लोक साधारण तीनच रस्ते सांगतात आणि त्यांतले दोन पोलीसभरतीकडं जातात. दौंडला तर राज्य राखीव पोलीस दलाचे गटच आहेत, त्यामुळं तिसराही.

गंमत अशी की मागचं एक दार उघडं निघालं. सीड. एम.डेस.साठीची परीक्षा. बारावीनंतरचा किमान तीन वर्षांचा कुठलाही पदवी अभ्यासक्रम पुरा केलेला माणूस ती देऊ शकतो. बी.कॉम. चालतं. वयाची अट नाही, कितीही वेळा द्या. हे ऐकून भाचा ताठ बसला. मग मी सांगितलं की पास झालास तर दोन वर्षं पूर्णवेळ जावं लागेल. पुन्हा वाकला. पण परीक्षेची तयारी नोकरी करून होते, त्यात चित्र काढावं लागतं, डोकं चालवावं लागतं, आणि ती पंचेचाळीस दिवसांत होत नाही. म्हणून ती मला नऊ पत्रकांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटली.

इथं जरा इतिहासाची पिंक टाकतो, म्हाताऱ्याला माफ करा. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ साली. त्याच्या दोन वर्षं आधी, १८५५ मध्ये, पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी दिवसा राबणाऱ्या बाया-माणसांसाठी स्वतःच्या घरात रात्रीची शाळा काढली. म्हणजे या मुलखात कामगाराची रात्रशाळा कलाशाळेपेक्षा दोन वर्षांनी थोरली. दोघींची गाठ मात्र पडली नाही. पावणेदोनशे वर्षं होत आली, कामगाराची कलाशाळा अजून 'वीकेंड बॅच'मध्ये अडकलेली आहे.

पैशाचंही सांगून टाकतो, कारण पत्रकात ते शेवटच्या ओळीत असतं. खासगी क्लासच्या फीवर अठरा टक्के जीएसटी लागतो. मान्यताप्राप्त पदवीच्या फीवर लागत नाही. म्हणजे ज्याला पूर्णवेळ कॉलेज परवडत नाही त्यानंच कर भरायचा. आणि 'झिरो कॉस्ट ईएमआय' दिसला की आधी विचारायचं, हप्ता कुणाला? बहुधा तो क्लासला नसतो, फायनान्स कंपनीला असतो. क्लास सुटला तरी हप्ता सुटत नाही.

भाचा कंटाळला. "मामा, तुम्ही सगळंच खोडताय. मग शिकायचं कुठं?"

रात्रीचे नऊ वाजले होते. मी त्याला घेऊन गावातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात गेलो.

दहा बाय बाराची खोली. मागं मशिन सूं-सूं करत उघड्यावाघड्या नेत्यांवर रंगाचे थर चढवतंय, आधी नुसते गुलाबी, मग माणसासारखे. शाईचा वास डोक्यात जातो. कॉम्प्युटरपुढं बावीस-तेवीस वर्षांचा ऑपरेटर. कीबोर्डवरची अक्षरं झिजून गेलेली, त्याला ती लागतही नाहीत. पाठीमागं चार कार्यकर्ते उभे. सकाळी सहाच्या आत चौकात बोर्ड लागला पाहिजे, कारण आठ वाजता साहेब त्या रस्त्यानं जाणार. वीस बाय दहाचा फ्लेक्स. त्यात साहेबांचा फोटो, साहेबांच्या साहेबांचा फोटो, महाराजांचा, ज्याचा वाढदिवस त्याचा गॉगल घातलेला उभा, आणि खाली शुभेच्छुकांचे एकोणचाळीस गोल चेहरे, बटाट्याच्या कापांसारखे.

"साहेब थोडे मोठे घे."

"मोठे घेतले तर दादा बारीक होतील."

"दादाला धक्का लावू नको. मग असं कर, पक्या आणि सोन्याला शेजारी नको ठेवू, त्यांचं वाजलंय."

ऑपरेटर मान वर न करता हे सगळं करत होता. कुणाचा चेहरा किती मोठा, कोण कुणाच्या वर, कोण कुणाच्या जवळ. शहरातल्या डिझाईन कॉलेजात यालाच व्हिज्युअल हायरार्की म्हणतात आणि त्याचं एक आख्खं सेमिस्टर असतं. तिथं चुकली तर मार्क जातात. इथं चुकली तर काच फुटते.

त्या पोराला आणखी बरंच कळत होतं. बोर्डाच्या चारी बाजूंना सहा इंच मोकळे सोडले, कारण तिथं बांबू आणि सुतळी येते. खालची ओळ कधीच महत्त्वाची ठेवत नाही, कारण खाली रिक्षा उभ्या राहतात. निळा पडद्यावर दिसतो त्याहून छापताना काळपट येतो, म्हणून आधीच दोन घर उजळ. हे त्याला कुणी शिकवलं? कुणी नाही. चुकलेले फ्लेक्स स्वतःच्या पगारातून भरून तो शिकला. तीही फीच. जीएसटीविना.

आणि काय कळत नव्हतं? 'हार्दिक शुभेच्छा'ला त्यानं पांढरी कड दिली, मग काळी सावली, मग सोनेरी कड, मग मागं किरणं. का, विचारलं. "उठून दिसावं म्हणून." नावालाही तेच केलं. साहेबांच्या नावालाही तेच. तारखेलाही तेच. एकोणचाळीस माणसांच्या सभेत सगळेच माइकवर बोलायला लागले तर जे होतं ते झालं. काम संपल्यावर, कार्यकर्ते चहा आणायला गेले तेव्हा, त्यानं हळूच मला विचारलं, "काका, बरं दिसतंय ना?" रोज रात्री चार-चार बोर्ड करणाऱ्या त्या पोराला त्याचं काम बरं की वाईट, आणि वाईट तर कशानं, हे सांगणारं एकही माणूस नाही. त्याच्याकडं मशिन आहे, कोरलचं सॉफ्टवेअर आहे, पेन ड्राइव्हवर चार हजार तयार बॅनर आहेत. गुरू नाही.

भाच्याला मी तिथंच सांगितलं, तुला विकत घ्यायचीय ती ही एकच गोष्ट. बटण कुठलं दाबायचं हे यूट्यूबवर फुकट आहे, बहुतेक हिंदीत, 'हॅलो दोस्तों'सकट. इंकस्केप, गिंप, क्रिटा ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत. आयआयटी मुंबईच्या आयडीसीनं डी-सोर्स या वेबसाइटवर डिझाईनचे धडे मोकळे ठेवलेत, स्वयम या सरकारी पोर्टलवर बसून शिकायलाही पैसे पडत नाहीत, परीक्षा दिली तरच पडतात. विकत घ्यायचं ते फक्त तुझ्या कामावर लाल पेन चालवणारं माणूस. क्लासवाल्याला कॉम्प्युटरबद्दल विचारू नकोस. विचार, 'सर, आठवड्याला माझी किती कामं तुम्ही स्वतः तपासणार?' उत्तर 'आमचं सपोर्ट पोर्टल आहे' असं आलं की चप्पल घाल.

अशा वेळी कुणीतरी बाबूराव पेंटरांचं नाव काढतंच. आमच्या शेजाऱ्यांनी काढलं. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री, कलाशाळेत न जाता नाटकांचे पडदे रंगवले, कॅमेरा बनवला, १९२० साली 'सैरंध्री' काढला, स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली, आणि आडनावच पेंटर पडलं. तसेच कमल शेडगे. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली नावं त्यांच्या अक्षरांनी घराघरांत गेली, पण कलाशाळेची पदवी नव्हती. म्हणून शिक्षणबिक्षण काही लागत नाही, इति शेजारी. त्यांचा स्वतःचा मुलगा डोनेशन भरून इंजिनिअरिंगला आहे, ते असो. पण हे सांगताना लोक अर्धीच गोष्ट सांगतात. बाबूरावांच्या घरात वडील कारागीर होते आणि सोबत नात्यातला भाऊ आनंदराव, तोही चित्रकार. शेडग्यांचे वडील स्वतः अक्षरांचं काम करणारे. चुकलेल्या वेलांटीवर घरातच टपली पडत होती. त्यांना कॉलेज नव्हतं असं म्हणू नका, त्यांच्या घरातच ते होतं.

क्लासवाल्याला दुसरा प्रश्न विचारायचा तो अक्षरांचा. आणि इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण खिळे जुळवणाऱ्याचा जीव अक्षरात असतो.

क्लासात शिकवतात इंग्रजी अक्षर. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवा, मोकळं दिसतं, श्रीमंत दिसतं. आता हेच देवनागरीला करून बघा. शिरोरेषा तुटते. 'रांजणगाव'चे पाच तुकडे होतात, जणू दोरीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्यानं उडाले. इंग्रजीत भाव चढवायचा तर सगळी अक्षरं मोठ्या लिपीत टाकतात. आपल्याकडं मोठी लिपी हा प्रकारच नाही. जोर द्यायचा तर आकारानं, जाडीनं, जागेनं द्यावा लागतो. इंग्रजीच्या हिशेबानं ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. शिरूर-दौंडचं गिऱ्हाईक मराठीत लिहिणार. दूधडेअरी, गुऱ्हाळ, हॉस्पिटल, सप्ताह, साखरपुडा, सगळं मराठीत. आणि शिकवणी सगळी इंग्रजी अक्षरावर. पोहायला शिकवायचं विहिरीत आणि परीक्षा घ्यायची भीमेच्या पुरात.

याची माहिती असलेली माणसं आपल्यातच होऊन गेली. र. कृ. जोशी जे. जे.त आणि आयडीसीत शिकवायचे. विंडोजमध्ये दिसणारा 'मंगल' फॉन्ट त्यांच्या हातचा. 'मुक्ता' हा फॉन्ट एक टाइपनं काढला, सात जाडींमध्ये, कुणीही फुकट उतरवून घ्यावा असा. भाच्याला म्हटलं, क्लासवाल्याला ही दोन नावं विचार. ओळखली तर बस. नाही ओळखली तर 'दुसर्या बॅच'चं पत्रक कुणी केलं असेल ते समज.

युनिकोड आणि जुने फॉन्ट यांचा झगडा तर वेगळाच. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, तो युनिकोड. दुकानातला फॉन्ट जुन्या काळातला. मधे कन्व्हर्टर. त्या कन्व्हर्टरच्या दातांत 'ऱ्या', 'ऱ्हा', 'क्ष', 'ज्ञ' सापडतात. दर तिसऱ्या बोर्डावर कुणीतरी 'दुसर्यांदा' निवडून आलेलं असतं ते यामुळं. उपाय सोपा आहे: छापायच्या आधी एकदा वाचायचं. पण वाचणं कोर्समध्ये नाही.

घरी परत येताना मी भाच्याला दौंड स्टेशनवरून आणलं. मुद्दाम. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत नाव: मराठीत 'दौंड', हिंदीत 'दौंड', मग इंग्रजीत. एकच शब्द एकाच लिपीत दोनदा, कारण भाषा दोन. इंग्रजी स्पेलिंग साहेबाच्या काळात 'धोंड' वाचावं असं होतं, ते पुढं बदललं. पण पिवळ्यावर काळं ठेवलं ते बरं केलं. धुक्यात, धुरात, चष्मा विसरलेल्या म्हातारीलाही वाचता येतं. ना सावली, ना सोनेरी कड.

"आणि तू रोज काय बंद करतोस?" मी विचारलं.

"खोकी."

"खोक्यावर काय असतं?"

तो थांबला. मग मोजायला लागला. वर तोंड केलेले दोन बाण. दारूचा पेला, म्हणजे नाजूक. छत्री, म्हणजे पाण्यापासून जपा. एकावर एक किती ठेवायची त्याचा आकडा. बारकोड. तीन वर्षं रोज शेकडो वेळा हाताखालून गेलेलं. बिहारचा, ओडिशाचा, नगरचा, कुठल्याही भाषेचा हमाल ते बघतो आणि खोकं उलटं ठेवत नाही. तिकडं कुरकुंभला केमिकलच्या पिंपांवर लाल चौकटीतली कवटी असते, तीही वाचायला शिकावं लागत नाही. वाचता आलं नाही तर जीव जातो, म्हणून ती कुणीतरी नीट काढली आहे.

"मामा, हे पण डिझाईन?"

"तुझी मामी म्हणेल, तेच ते."

शेवटी ठरलं ते असं. गुरुवारी सुट्टी, तर गुरुवारी शिरूरच्या एका फ्लेक्सच्या दुकानात बसायचं, बिनपगारी. दुकानदार आधी संशयानं बघत होता, मग फुकटचा माणूस म्हटल्यावर खुर्ची दिली. आठवड्याला सहा-सात तास घरी, फुकटच्या सॉफ्टवेअरवर. केलेलं काम दर महिन्याला पिठाच्या पिशवीबरोबर दौंडला आणायचं आणि मी लाल पेन चालवायचं. माझं पेन छापखान्याच्या काळातलं आहे, रंगांबद्दल मला फारसं कळत नाही, म्हणून पुण्यातल्या एका निवृत्त कलाशिक्षकांकडं दोन महिन्यांतून एकदा जायचं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना पोरं तयार करण्यात त्यांचा जन्म गेला, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन त्यांना झोपेत येतं. फी म्हणून ते जेवण मागतात. जानेवारीत सीडला बसायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही. बसला तर दोन वर्षांचा प्रश्न उभा राहील, तेव्हा बघू.

पहिल्या महिन्याचं काम वाईट होतं. दूधडेअरीची पाटी, आणि गाय हसत होती. मी पानभर लाल केलं. तो रुसून गेला, बाजरीचं पीठ दुसऱ्या महिन्यात आलंच नाही, बहिणीचा फोन आला की तू पोराला काय बोललास. तिसऱ्या महिन्यात पीठ आलं, पाटीही आली. गाय हसायची थांबली होती.

मागच्या आठवड्यात रांजणगावला महागणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला एक नवा फ्लेक्स. सोसायटीच्या चेअरमनपदी दुसऱ्यांदा बिनविरोध निवड. फोटो तेरा, नेहमीच्या मानानं एकादशीच. नावाला सावली नाही, किरणं नाहीत, चालत्या गाडीतून वाचता आलं. 'दुसऱ्यांदा'मधला 'ऱ्या' शाबूत होता. मी गाडी थांबवून फोटो काढला आणि भाच्याला पाठवला.

त्याचं उत्तर आलं: हो मामा, मीच केलाय. पैसे स्क्वेअर फुटाचे घेतले दुकानानं. डिझाईन फ्री.